स्की की सखी

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२९ जानेवारी १९८२

प्रिय गोपी,

तुझं पत्र आणि संक्रांतीचा तिळगूळ पोचला. लाडवांचे इथे येईपर्यंत दगड झाले होते. बंदुकीच्या दस्त्याने फोडून साऱ्या बराकीत वाटले. तुझ्या मायला सांग, एकही वाया गेला नाही.

पेन्सिलीने लिहितो म्हणून रागावू नकोस. इथे पेनातली शाई गोठते. पेन काखेत धरून गरम करावं, तर नुसतं नाव लिहून होईपर्यंत परत घट्ट. पेन्सिलीला थंडी वाजत नाही, एवढाच तिचा गुण.

मागच्या पत्रात सगळं सविस्तर लिहिलंच आहे, म्हणून परत सांगत नाही. एवढंच सांगतो, की इथे आल्यापासून माझी सगळी दुनिया म्हणजे स्की. सकाळी उठलो की स्की, दुपारी जेवलो की स्की. पहिले आठ दिवस तिने मला सरळ उभं राहू दिलं नाही. आता थोडंफार माझं ऐकते. काल सगळ्या पलटणीसमोर तिने मला असं आपटलं, की उस्ताद पोट धरून हसले. पण एकदा का तिच्यासोबत उतारावरून सुटलो, की घर, शेत, मोहाडीचा बाजार, कशाची आठवण राहत नाही. कॅप्टनसाहेब म्हणतात, "भोजराज, तू तो इसका दीवाना हो गया."

घरी सर्वांना नमस्कार. आणि साक्षगंधाच्या दिवशी जी पाण्याचा तांब्या माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवून पळाली, त्या तुझ्या बहिणीला काय सांगायचं ते तूच ठरव. थेट तिला लिहिलं तर तुझे बाबूजी बरं म्हणणार नाहीत.

तुझा,
भोजराज

मोहाडी
१४ फेब्रुवारी १९८२

मित्रा (अजून म्हणतो आहे),

तुझं मागचं सविस्तर पत्र आम्हाला मिळालेलं नाही. वाटेत कुठे गहाळ झालं देव जाणे. मिळालं ते हे दुसरं. आणि ते मिळालं बाबूजींना.

आता नीट ऐक. बाबूजींना चष्मा नको असतो, हे तुला ठाऊक आहे. "माहे डोळे धडधाकट आहेत, लोकाईचे अक्षर खराब आहेत," हे त्यांचं नेहमीचं. अंगणात बसून त्यांनी तुझं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. माय सूप घेऊन बसली होती, शेवंता दाराआड. लाडवांपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग बाबूजी थांबले, कागद उन्हात धरला, आणि वाचलं: "इथे आल्यापासून माझी सगळी दुनिया म्हणजे सखी. सकाळी उठलो की सखी, दुपारी जेवलो की सखी."

मायच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी कागद हिसकून घेतला. पेन्सिल पुसटलेली, घडीवरची अक्षरं उडालेली. खोटं कशाला बोलू, मलाही सखीच दिसली. "तिच्यासोबत उतारावरून सुटलो, की घर, शेत, कशाची आठवण राहत नाही," असं पुढे लिहिलेलं असताना दुसरं काय दिसणार? वर तुझे साहेबही तुला दिवाना म्हणतात!

बाबूजी उठून उभे राहिले. "मी तं पहिलेच म्हणलो होतो, फौजेतला पोरगा नोको. साक्षगंध झालं तं काय झालं? मोडता येते."

दाराआडून शेवंता काय म्हणाली माहीत आहे? "मोडा, पण पहिले इचारा त्याईले, थे सखी रोज पाडते काहून?"

एवढं बोलून ती विहिरीवर गेली. मला तिचं म्हणणं पटलं. कोणती बाई एका माणसाला सगळ्या पलटणीसमोर रोज आपटते? पण बाबूजींनी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. तेव्हा ताबडतोब लिही, ही सखी कोण, कोणाची, आणि तुला पाडते ती कशासाठी.

तुझा (सध्या तरी) दोस्त,
गोपीचंद

मार्फत ५६ ए.पी.ओ.
२४ फेब्रुवारी १९८२

गोपी, गोपी, गोपी,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो आणि मग मला घाम फुटला. इथे घाम फुटणं सोपं नाही.

बाबूजींच्या पायांवर डोकं ठेवून सांगतो. हे मोठ्या अक्षरांत, पेन्सिल ओली करून, कोरून लिहितो आहे: स्की. पाय मोडलेला स, त्याला जोडून की. आपल्या गुरुजींनी शिकवलेलं आठवतं ना, पाय मोडलेलं अक्षर एकटं उभं राहत नाही, पुढच्याच्या खांद्यावर हात टाकतं? तसं. सखीतला स अख्खा असतो आणि पुढे ख असतो. माझ्या स चा पाय मोडलेला आहे, हे बाबूजींना बोट ठेवून दाखव.

आणि स्की ही बाई नाही. लाकडाच्या लांब पातळ फळ्या असतात, पुढून वर वळलेल्या. एकेका पायाला एकेक बांधायची आणि बर्फावरून घसरत जायचं. मागे चित्र काढलं आहे. चित्रातला जो पडलेला आहे तो मी. पहिलाच धडा काय, तर फळ्यांची टोकं पुढे जुळवायची आणि मागे फाकवायची, म्हणजे वेग कमी होतो. ह्याला हे लोक बर्फाचा नांगर म्हणतात. घरून नांगर सोडून तीन दिवस रेल्वेत बसलो, आणि पुढे काय आलं? नांगर.

आता तू म्हणशील, ह्यात दिवाना होण्यासारखं काय? ऐक. आमचे कॅप्टनसाहेब तळ्याकाठचे. त्यांना पाण्यावरची स्की आवडते. त्यात मोटारबोट पुढे पळते, मागे लांब दोर, दोराची मूठ धरून माणूस फळ्यांवर पाण्यातून घसरतो. मे महिन्यात त्यांनी मला खाली तळ्यावर नेऊन शिकवायचं कबूल केलं आहे. ते म्हणतात बर्फावर काय मजा आहे, सगळं अंग बांधून घ्यायचं, पडलं की गारठायचं. पाण्यावर ऊन आहे, तुषार आहेत, पडलं की आंघोळ. रोज जेवताना आमचा हा वाद होतो.

मी त्यांना सांगितलं, साहेब, तुमच्या खेळात कोणीतरी ओढावं लागतं. बर्फावर डोंगर असतो आणि आपण असतो. वळायचं कुठे, थांबायचं कुठे, सगळं आपल्या गुडघ्यांत. मी जन्मभर नांगराला जुंपलेल्या हल्यांच्या शेपटीमागे चाललो. एकदा तरी असं जावंसं वाटतं, की पुढे कोणी ओढणारा नाही.

काल मात्र वळायचं सोडून सरळ गेलो आणि देवदारावर आपटलो. खांदा सुजला आहे. हे तुझ्या मायला सांगू नकोस. साक्षगंध मोडू नका, एवढीच विनंती.

तुझा,
भोजराज

मोहाडी
४ ऑगस्ट १९८२

प्रिय भोजराज,

अक्षर पाहून दचकू नकोस. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. सांगतो मी, लिहिते शेवंता. बाबूजींची परवानगी आहे, कारण पत्र माझं आहे, ती फक्त हात. तुझा खुलासा त्यांनी मार्चमध्येच मान्य केला. अक्षर मात्र खराबच आहे म्हणाले. लग्न पुढच्या वैशाखात, ते पक्कं.

तुझं मे महिन्याचं पत्रही मिळालं. मोटारबोटीने तुला तळ्यातून ओढलं, सात वेळा पडलास, नाकातून पाणी गेलं, आणि तरीही बर्फच चांगला म्हणून ठासून लिहिलंस. तुमच्या कॅप्टनसाहेबांना माझ्यातर्फे सांग, की पाण्यावरची स्की आमच्याकडे बापजाद्यांपासून आहे. चिखलणी झाली की धानाची बांधी सपाट करायला पाटा फिरवतात. दोन हल्ये जुंपायचे, मागे लाकडाचा जाड पाटा, त्यावर वजनाला माणूस उभा, एका हातात कासरा. बांधीत पोटरीएवढं पाणी. हल्ये बिथरले की मग बघ तुमची मोटारबोट!

तर मी विचार केला, हेच शास्त्रशुद्ध करून पाहू. पाटा काढला. दोन वेगळ्या फळ्या घेतल्या, नारळाच्या दोरीने पायांना बांधल्या, जोखडाला लांब दोर बांधला, आणि हाक दिली. मी सफाईने अर्धी बांधी पार केली

(चार हात. मी बांधावर होते. शे.)

आणि मग एक फळी ह्या बाजूला गेली, एक त्या बाजूला. मी मध्ये. तरी मी दोर सोडला नाही.

(सोडला असता तर हात मोडला नसता. तोंडानं चिखल नांगरत गेला. धान रोवणाऱ्या बाया गाणं म्हणायच्या थांबल्या. शे.)

हात मोडला, बांधी तशीच राहिली, धानाचे पऱ्हे रोवायला उपटून पडलेले. बाबूजी तापाने झोपलेले. मग हिने पदर खोचला आणि पाट्यावर चढली. बाया ओरडल्या, "अवो, बाई मानूस पाट्यावर उभी राहते काय?" हिने ऐकलं नाही. अख्खी बांधी, चार फेरे, एकदाही पडली नाही. मला खोटं सांगायची सवय नाही

(नाही? शे.)

पण सांगतो, तसं कोणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. बाबूजींना कळलं तेव्हा दोन दिवस धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी बांधी पाहून आले आणि म्हणाले, "सपाट तं आहे."

आता तू आणि तुझे साहेब वाद घाला. माझा हात दुखतो आहे.

तुझा,
गोपीचंद

(त्याने सांगायचं संपवलं. माझं एकच. तुम्हाला पुढे कोणी ओढणारा नको. पण पाट्यावर उभं राहिलं की हल्यांच्या पाठी समोर दिसतात, आणि एकटं वाटत नाही. मला तुमच्या बर्फाची भीती वाटते. हे मी लिहिलं आहे, हे त्याला माहीत नाही. शे.)

मार्फत ५६ ए.पी.ओ.
३० ऑगस्ट १९८२

प्रिय गोपी,

तुझा हात सावकाश बरा होऊ दे. अजिबात घाई करू नकोस. मोडलेल्या हाडाला वर्षभरसुद्धा लागतं असं इथले लोक सांगतात, आणि तोवर पत्रं कोणीतरी लिहिलीच पाहिजेत.

कॅप्टनसाहेबांना पाट्याचं सांगितलं. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, चार फेरे, न पडता, रेड्यांच्या मागे? मी सात वेळा पडलो होतो, हे त्यांनी सगळ्यांना परत सांगितलं. त्यांचं मत पडलं, की वाद संपला, पाणी जिंकलं, आणि जिंकणाऱ्या खेळाडूला त्यांचा सलाम कळवावा. कळव.

बर्फाची भीती वाटते असं कोणी म्हणालं, तर त्या कोणाला सांग, की मी पडण्यात आता तरबेज झालो आहे. काल कोरड्या पायऱ्यांवरूनही पडलो. मी पडलो की तुला लिहीनच.

तुझा,
भोजराज

मार्फत ५६ ए.पी.ओ.
११ फेब्रुवारी १९८३

प्रिय गोपी,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून काळजी केली असशील. मी मजेत आहे. यंदा बर्फ फार सुंदर पडला आहे. सकाळी ऊन आलं की सगळा डोंगर पांढरा लखलखतो, देवदाराच्या फांद्या वाकतात, आणि दूरवर मुलं स्कीवरून रांगेने उतरताना दिसतात. अगदी पाहत राहावं असं.

एक गोष्ट लिहायची होती. वैशाखात मला सुटी मिळेल असं दिसत नाही. लग्न वर्षभर पुढे टाकलं तर बरं. आणि तेवढं थांबणं तुमच्याकडे कोणाला जमण्यासारखं नसेल, मध्ये एखादं चांगलं स्थळ आलं, तर माझी काही हरकत राहणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही. बाबूजींना तूच समजावून सांग.

सर्वांना नमस्कार.

भोजराज

मोहाडी
२ मार्च १९८३

मायना काय लिहावा ते मला कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

मी शेवंता. भाऊचा हात केव्हाच बरा झाला आहे. तुमचं पत्र त्यानेच फोडलं, वाचलं, आणि तोंड पाडून बाबूजींकडे निघाला. मी त्याच्या हातातून ते काढून घेतलं. "आठ दिस थांब," म्हटलं. तो म्हणाला, "आता थांबून काय होते? त्याले नाही करायचं लगन. मोठा साहेब झाला असन." मी म्हटलं, "तुले वाचता येत नाही."

मी ते पत्र पुष्कळदा वाचलं. पत्र निळ्या शाईने लिहिलं आहे. तुमच्याकडे माघात शाई गोठते. गेल्या वर्षी ह्याच महिन्यात तुमची पेन्सिल पुसटली आणि आमच्या घरात सखी शिरली होती, ते मी कशी विसरेन? म्हणजे तुम्ही जिथे बसून लिहिलं, तिथे शेगडी आहे. बराकीत नाही. आणि मुलं स्कीवरून उतरताना दूरवर दिसतात, असं लिहिता. तुम्ही दुरून पाहणाऱ्यांतले कधीपासून झालात?

आणखी एक. तुम्ही प्रत्येक पत्रात पडता. देवदारावर पडता, तळ्यात पडता, पायऱ्यांवर पडता. ह्या पत्रात एकदाही पडला नाहीत.

कुठे मोडलं ते सांगा.

मला राग आला आहे, तो मोडल्याचा नाही. चांगलं स्थळ आलं तर हरकत नाही म्हणता, त्याचा आहे. मी काय गाय आहे, दावं सोडलं की दुसऱ्या गोठ्यात गेली? पडलो की लिहीन, असा शब्द तुम्ही दिला होता. भाऊला दिला होता म्हणाल, पण तो कोणाला होता हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

पाट्याचं तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगावं. ज्याला उभं राहता येत नाही तो त्याच्यावर बसतो. लहान असताना आपण सगळे बसलो आहोत. बांधी सपाट व्हायला वजन लागतं. वजन उभं आहे का बसलेलं, चिखलाला काही फरक पडत नाही. तुम्ही बसा, कासरा मी धरीन.

हे पत्र बाबूजींना न सांगता टाकते आहे. आठ दिवस म्हटलं होतं, पण मी उत्तराची वाट पाहीन, आणि तोवर भाऊला गप्प ठेवीन.

शेवंता

मार्फत ५६ ए.पी.ओ.
१९ मार्च १९८३

शेवंता,

डावा पाय, गुडघ्याखाली, दोन ठिकाणी. १७ जानेवारी. दवाखान्यात खिडकीजवळची खाट आहे आणि शेगडी आहे. तू सगळं बरोबर ओळखलंस. मला लाज वाटते, आणि फार बरंही वाटतं.

चूक माझीच. उस्ताद नको म्हणत असताना शेवटची एक फेरी मारायला गेलो. डॉक्टर म्हणतात चालशील, पण पाय थोडा आखूड राहील, लंगडशील. स्की संपली. आता स्टोअरमध्ये बसून कंबलं मोजायची. तुझे बाबूजी आधीच फौजेतला पोरगा नको म्हणत होते. त्यात लंगडा. ते साक्षगंध मोडतील, त्याआधी आपणच मोकळं करावं असं वाटलं. आईलाही कळवलेलं नाही.

एक सांगायचं आहे. मोडल्यावर मला दोऱ्यांनी एका घसरगाडीवर बांधलं आणि दोन जवान स्कीवर पुढे, दोर कमरेला, असे मला चार मैल ओढत खाली घेऊन आले. ह्या डोंगरावरून मी कधी इतका सावकाश उतरलो नव्हतो. सगळा वेळ त्यांच्या पाठी समोर दिसत होत्या. तेव्हा मला तुझ्या कंसातल्या ओळी आठवल्या. मी पुढे कोणी ओढणारा नको असं लिहिलं होतं. ते चुकलं होतं.

बाबूजींना सांगायचं का, केव्हा, कसं, ते तू ठरव. ते जे म्हणतील ते मला कबूल आहे. तू नाही म्हणालीस तर मात्र मला फार वाईट वाटेल.

भोजराज

मोहाडी
५ एप्रिल १९८३

चि. भोजराज यांस तुलाराम यांचा आशीर्वाद.

आपले ता. १९ चे पत्र मिळाले. पाकिटावर कु. शेवंता असे नाव होते, परंतु पोस्टमन ओळखीचा असल्याने त्याने ते घरमालक म्हणून माझ्या हातात दिले. मी ते वाचले. दुसऱ्याचे पत्र वाचू नये हे मला समजते. परंतु ह्या घरात तुमची पत्रे मीच वाचत आलो आहे.

मागील महिन्यात भंडाऱ्याहून चष्मा आणला. माझे डोळे धडधाकट आहेत, पण घरचे ऐकत नाहीत.

शेवंताने मला न विचारता पत्र पाठविले, त्याबद्दल तिला बोललो. गोपीचंदलाही बोललो. दोन दिवस बोललो. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "बाबूजी, चष्म्यातून बरोबर दिसून राहिलं ना? त पत्राचा शेवट वाचला काय?" वाचला होता.

आता तुम्हाला बोलतो. पाय मोडला, त्यात तुमचा दोष थोडा. लपविले, त्यात पुष्कळ. साक्षगंधाच्या दिवशी मी तुमचा शब्द घेतला होता, पाय मोजून घेतला नव्हता. आमच्या मुलीसाठी दुसरे स्थळ पाहण्याचा अधिकार माझा आहे. तो तुम्ही परस्पर वापरलात. पुन्हा असे करू नये. तुमच्या मातोश्रींना मी स्वतः जाऊन सांगून आलो. त्या रडल्या, मग चहा दिला.

लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखात, १४ मे. सुटी मिळेल, कारण स्टोअरमधल्या माणसाला मिळते असे गोपीचंद म्हणतो. वरठी स्टेशनावर बंडी पाठवितो. गाडी तेथे फार थांबत नाही, उतरताना घाई करू नये. बंडी शेवंता हाकणार म्हणते. गावातले लोक काय म्हणतील ते म्हणोत. पाट्यावर उभी राहिली तेव्हाही म्हणाले होते.

तुमचे गेल्या वर्षीचे ते पेन्सिलीचे पत्र शेवंताच्या पेटीत निघाले. तेही आता चष्मा लावून वाचले. तुम्ही म्हणता तसे ते स्की आहे. स चा पाय मोडलेला आहे. तेव्हाच ध्यानात यायला हवे होते.

तरी माझे म्हणणे असे, जवाईबापू, की मी शब्द चुकीचा वाचला नव्हता. फक्त गाव चुकले होते. स्की सरकारजमा करून या. सखी इकडे आहे.

तुलाराम